कचेरीबाहेरचं टायपिंग
वसईच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणं हा माझा धंदा. या धंद्याचा इतिहास यंत्रांच्या नावांनी सांगतात. मला तो अर्जदाराच्या बाजूने सांगावासा वाटतो.

माझी सुरुवात गोदरेजवर. या कंपनीने १९५५ पासून देशात टाइपरायटर बनवले. ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटी, मग क. मध्ये कार्बन घालून प्रती काढायच्या. कागदाचं तोंड माझ्याकडे. समोरचा माणूस नुसती टकटक ऐकत उभा. वसईत आडनावांचा गुंता फार. सात-बारावर लोपीस, शाळेच्या दाखल्यावर लोपेस, आणि दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला आलेला माणूस. त्यातच एक अक्षर चुकलं तर ते कळायचं घरी गेल्यावर, कुणी वाचून दाखवलं तर.

पुढे संगणक आला. खाडाखोड संपली, पण पडद्याचं तोंड माझ्याकडेच राहिलं. शिवाय मराठी फॉन्ट कंपनीगणिक निराळे. श्रीलिपीत केलेली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की सगळी रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोज २००० मध्ये ती वापरता येऊ लागली. आमच्या टेबलापर्यंत यायला मात्र आणखी बराच काळ गेला. आयपॅड २०१० साली आला, त्याचा गाजावाजा झाला. माझ्या मते खरी क्रांती युनिकोडची. मजकूर एका यंत्राला बांधलेला राहिला नाही, म्हणून तर तो टॅब्लेटवर उतरू शकला.

२०१७ साली राज्यात टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा बंद झाली. त्याच वर्षी गूगलने मराठी बोलून टाइप करायची सोय दिली. तिचा मला उपयोग होतो, पण कुपारी किंवा वाडवळी बोलीत कुणी तक्रार सांगू लागलं की ती अडखळते. तिथे माझाच कान लागतो.

आता छोटे अर्ज मी टॅब्लेटवरच करते. लिहून झालं की तो फिरवून समोरच्याच्या हातात द्यायचा. चष्मा विसरलेला माणूसही दोन बोटांनी अक्षर मोठं करून वाचतो. गिरीजच्या एका आजींनी ‘वडिलोपार्जित’वर बोट ठेवलं. वाडी वडिलांकडची नव्हती, आईकडून आलेली होती. गोदरेजच्या काळात तो शब्द तसाच स्टॅम्पपेपरवर गेला असता आणि पुढे भावाभावांत कज्जा उभा राहिला असता.

लांबलचक करार असला तर आजही संगणकच. कळांवर बसलेली बोटं काचेवर तशी चालत नाहीत. तोही मसुदा सहीआधी टॅब्लेटवर घेऊन अर्जदाराला वाचायला देते. ज्याची जमीन, ज्याचं नाव, त्याने आधी वाचावं, ही पद्धत कचेरीतल्या प्रत्येक खिडकीवर सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं.