होशंगाबादची तीस वर्षे

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली १६ सरकारी शाळांनी विज्ञानाचा तास बदलला. डॉ. अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी हे काम अंगावर घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक त्यात येऊन मिळाले. स्वतःची वेगळी शाळा काढणे सोपे होते. पण गावातली आहे तीच शाळा, आहेत तेच गुरुजी आणि सहावी ते आठवीची तीच मुले घेऊन काम करायचे, असे ठरले. या कार्यक्रमाचे मोठेपण मला इथेच दिसते.

वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या बसत. ‘बाल वैज्ञानिक’ हे त्यांचे पुस्तक प्रयोग सांगे, प्रश्न विचारी, पण उत्तर देत नसे. ते मुलांनी करून, पाहून, आपसांत वाद घालून शोधायचे आणि स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायचे. एकच लांबी सगळ्यांनी मोजली की प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा येई. मग ‘बरोबर कोणाचे?’ यापेक्षा ‘फरक का पडतो?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरे. विज्ञानात मोजमाप कशाला म्हणतात, हे व्याख्येशिवाय कळे. पाने, किडे, माती गोळा करायला मुले गावाच्या शिवारात जात.

साहित्यही तसेच साधे. टाचण्यांऐवजी बाभळीचे काटे चालत. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन अरविंद गुप्ता इथे आले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती बनवण्याची त्यांची युक्ती याच काळातली. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र ताठ राहतो. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोणच का असतात, हे मुलाच्या बोटांना समजते. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी जी खेळणी घडवली, त्यांची मुळे होशंगाबादच्या मातीत आहेत.

१९७८ मध्येच हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पोचला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली, तिने धुरा घेतली आणि नंतर इतर जिल्ह्यांतल्या शेकडो शाळा जोडल्या गेल्या. या वाढीमागचे खरे बळ शिक्षक होते. उन्हाळी सुट्टीत काही आठवडे प्रशिक्षण चाले. त्यात गुरुजी स्वतः टोळीत बसून तेच प्रयोग करत, अडत, शास्त्रज्ञांशी वाद घालत. वर्षभर मासिक बैठका होत. तिथे फसलेले प्रयोग आणि अनुत्तरित प्रश्न घेऊन येण्याची मुभा होती. पुस्तकाच्या नव्या आवृत्त्यांत शिक्षकांच्या सूचना उतरत. मुलांच्या पत्रांना ‘सवालीराम’ या काल्पनिक नावाने उत्तरे जात.

सर्वांत धाडसी बदल परीक्षेत झाला. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवता येई, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा असे. त्यामुळे घोकंपट्टी निरुपयोगी ठरली आणि वर्षभर प्रयोग करणाऱ्या मुलाला त्याचे फळ मिळू लागले.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची घडी एका आदेशाने मोडली, याचे दुःख आजही वाटते. पण त्यातून उगवलेले बरेच काही टिकले: ‘चकमक’ हे मुलांचे मासिक, शिक्षकांसाठीचे ‘संदर्भ’ आणि त्याच प्रेरणेने पुण्यातून निघालेले मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’.

आज केंद्र सरकारच्या योजनेतून शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’ या प्रयोगशाळेसाठी २० लाखांपर्यंत निधी मिळतो, थ्री-डी प्रिंटर आणि रोबोटिक्सचे संच येतात. हे स्वागतार्ह आहे. मात्र होशंगाबादचा धडा असा, की साहित्य ही सर्वांत सोपी पायरी आहे. शिक्षकाला सवंगडी आणि वेळ मिळाला, ‘मला माहीत नाही, करून पाहू’ असे म्हणण्याची मोकळीक मिळाली, आणि परीक्षेने पाठांतराऐवजी केलेल्या कामाची किंमत केली, तरच संच कपाटाबाहेर राहतात. नवी प्रयोगशाळा मंजूर करताना तिच्या निधीइतकाच विचार शिक्षकांच्या मासिक बैठकीचा आणि प्रश्नपत्रिकेचा व्हायला हवा.