एक पत्ता, दोन दावेदार : मोहाडीपासून वाय-फायपर्यंत

#थ्रेड

१/ भंडारा जिल्ह्यात मोहाडी हे तालुक्याचे गाव आहे. याच नावाचे दुसरे गाव नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात आहे. पाकिटावर नुसते ‘मोहाडी’ लिहिले, तर टपाल कोठे जावे? एकाच पत्त्याच्या दोन दावेदारांचा हा पेच आज वाय-फायच्या जाळ्यातही उभा राहतो.

२/ टपाल खात्यापुरता तो सोडवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड सुरू झाला. भंडाऱ्याकडील मोहाडीचा क्रमांक ४४१ने सुरू होतो, दिंडोरीकडील मोहाडीचा ४२२ने. गावाने क्रमांक स्वतः निवडायचा नव्हता. तो खात्याने नेमून द्यायचा होता. सारी किल्ली इथेच आहे.

३/ संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. कारखान्यात कोरलेला मॅक पत्ता आणि जाळ्यात मिळालेला आयपी पत्ता. या दोहोंची सांगड घालणारा एआरपी हा नियम डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडला.

४/ त्याची रीत दवंडीसारखी आहे. ‘हा आयपी पत्ता कोणाचा?’ अशी हाक साऱ्या जाळ्यात दिली जाते. ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो आणि विचारणारा तो टिपून ठेवतो.

५/ उणीव विश्वासात होती. दोघांनी ‘माझाच’ म्हटले, तर शेवटी बोलणाऱ्याचे म्हणणे आधीची नोंद पुसून टाकते. त्यामुळे माहिती कधी एका यंत्राकडे जाते, कधी दुसऱ्याकडे.

६/ पूर्वी पत्त्यांची यादी माणसे हाताने सांभाळत. १९९३ मध्ये डीएचसीपी आले. एकच यंत्र पत्ते वाटते, तेही ठरावीक मुदतीसाठी. वेलणकरांच्या टपाल खात्याप्रमाणेच येथेही वाटप एका हाती आले.

७/ तेव्हाच्या पद्धतीत आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, म्हणून मार्च १९९४ मध्ये काही पत्ते खासगी वापरासाठी सर्वांना खुले झाले. १९२.१६८ने सुरू होणारे त्यांतलेच. ‘मारुतीच्या देवळासमोर’ हा पत्ता गावोगावी चालतो, तसेच हे. मात्र एकाच गावात मारुतीची दोन देवळे असली, की पाहुणा चुकतो.

८/ ॲक्सेस पॉइंटचे नेमके हेच होते. एकाच बनावटीचे दोन संच बहुधा एकच पत्ता घेऊन कारखान्यातून येतात. दोन्ही तसेच जोडले की संघर्ष ठरलेला. दोघांतही डीएचसीपी चालू असेल, तर ते दोन संगणकांना एकच पत्ता देऊ शकतात. सिग्नल पूर्ण दिसतो, पान मात्र उघडत नाही. तुमसर असो वा लाखनी, सेवा केंद्रात असे घडले तर दाखल्यासाठी आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते.

९/ जुलै २००८ मध्ये स्टुअर्ट चेशायर यांनी नवा शिष्टाचार मांडला : पत्ता वापरण्याआधी विचारा. यंत्र स्वतःचा आयपी पत्ता कोरा ठेवून तीनदा चौकशी करते. कोरा अशासाठी, की इतरांच्या नोंदी बिघडू नयेत. कोणी हरकत घेतली नाही, तरच ते पत्ता आपला म्हणून दोनदा जाहीर करते.

१०/ उपाय या इतिहासातूनच निघतात. संशयित ॲक्सेस पॉइंट बंद करून त्याच्या पत्त्यावर पिंग करावे. उत्तर आले तर दुसरा दावेदार आहे. मग एकेक संच स्वतंत्र जोडून वेगळा पत्ता द्यावा, तोही डीएचसीपीच्या वाटपाबाहेरचा. डीएचसीपी एकाच ठिकाणी चालू ठेवावे. प्रत्येक पत्ता नोंदवहीत लिहावा.

११/ ही नोंदवही क्षुल्लक नव्हे. मोहाडीची पत्रे योग्य मोहाडीला पोहोचू लागली, कारण कोणीतरी बसून गावांना क्रमांक नेमून दिले. कार्यालयात दुसरा ॲक्सेस पॉइंट लावणाऱ्याकडेही तेच काम येते.