खेकड्याचा केक

केक म्हटलं की आपल्याला वाढदिवस आठवतो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मात्र उन्हाळ्यात पाहुणे यायचे असले, की घरोघर जो केक होतो तो तिखटमिठाचा आणि खेकड्याचा असतो. क्रॅब केक. आपण त्याला चिंबोरीचं कटलेट म्हणू.

तिथला चेसापीक उपसागर म्हणजे नद्यांचं गोडं पाणी आणि अटलांटिकचं खारं पाणी यांचा मचूळ संगम. थंडीभर चिखलात दडलेला निळा खेकडा पाणी कोमट झालं की वर येतो. मेरी रॅथबन या संशोधक बाईंनी 1896 साली त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्याचा अर्थ ‘सुंदर पोहणारा, चविष्ट’. नामकरणात इतकी रसिकता! कवी म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो.

कृती सोपी आहे. अर्धा किलो खेकड्याचं मांस, एक अंडं, दोन चमचे मेयॉनीज, थोडी वाटलेली मोहरी, मूठभर खाऱ्या बिस्किटांचा चुरा आणि मसाला. हलक्या हातानं कालवायचं, मांसाचे तुकडे मोडू द्यायचे नाहीत. वड्या तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग लोण्यावर परतायच्या. चुरा जास्त झाला की यजमानाचा हात आखडता आहे हे पाहुण्याला लगेच कळतं.

1939च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनानिमित्त निघालेल्या पाकपुस्तकात ‘बाल्टिमोर क्रॅब केक’ छापून आला. त्याच वर्षी गुस्ताव ब्रुन हा जर्मन यहुदी मसालेवाला बाल्टिमोरला पोचला. नोव्हेंबर 1938च्या यहुदीविरोधी हिंसाचारानंतर नाझींनी त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबलं होतं. तिथून सुटून तो आला, तेव्हा मसाला दळायचं छोटं यंत्र सोबत होतं. मासळीबाजाराजवळ त्यानं दुकान टाकलं आणि खेकड्यासाठी मसाला बनवला. सेलरीचं मीठ, मोहरी, मिरी, लाल मिरची... पुढे तो ‘ओल्ड बे’ या नावानं घराघरात गेला. आज त्याच्याशिवाय तिथे खेकडा शिजत नाही. गंमत म्हणजे यहुदी धर्मात खेकडा निषिद्ध. (आमच्यातही हनफी मंडळी तो सहसा खात नाहीत, पण तो वाद इथे नको.)

आणि ते अर्धा किलो मांस? शिजलेल्या खेकड्यातून धारदार सुरीनं ते काढावं लागतं. बोटं कापतात, मजुरी भरेल त्या मापावर. मेरीलँडच्या क्रिसफील्ड गावात हे काम प्रामुख्यानं कृष्णवर्णीय बायका करत. 1938 साली मालकांनी मजुरी कापली, तेव्हा त्या शेकडोंनी संपावर गेल्या. हातावर पोट असूनही काही आठवडे हटल्या नाहीत, आणि कपात मागे घ्यायला लावली. पाकपुस्तकांच्या पानांवर मला हा संप कुठे आढळला नाही.

त्या बायकांच्या पुढच्या पिढ्यांनी ही कामं सोडली. मग मेक्सिकोतून हंगामी परवान्यावर बायका येऊ लागल्या. 1990नंतर आशियातल्या समुद्रांतलं मांसही डबाबंद होऊन अमेरिकेत जाऊ लागलं. त्यात आपल्या तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचंही आहे, आणि इथेही ते सोलतात बायकाच. डब्यावर देशाचं नाव बारीक अक्षरात असतं. हॉटेलच्या मेनूवर लिहिलेलं असतं, मेरीलँड पद्धतीचा क्रॅब केक.