वांकिडी
तेलंगण राज्याच्या कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव व मंडल केंद्र. ११ ऑक्टोबर २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. आसिफाबादच्या उत्तरेस, मंचिर्याल–राजुरा–चंद्रपूर मार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ३६३) ते वसले आहे.

हा भूभाग पूर्वी गोंड राजांच्या प्रभावाखाली होता. पुढे तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात गेला. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर वर्धा नदीपलीकडचा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हा ब्रिटिश अंमलाखाली आला आणि वांकिडीचा मुलूख निजाम व ब्रिटिश या दोन सत्तांच्या सीमेजवळचा ठरला. १९२९ मध्ये पूर्ण झालेला काजीपेठ–बल्लारशा लोहमार्ग वांकिडीच्या पूर्वेकडून गेला. त्यामुळे दूरची वाहतूक रेल्वेकडे वळली, तरी स्थानिक देवघेव सडकेवरूनच चालू राहिली.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा तालुका मुंबई राज्याकडे गेला. त्यामुळे पूर्वी वर्धा नदीवर असलेली सीमा वांकिडीच्या जवळ आली. पुढे राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट झाला.

परिसरात कापूस, तूर व ज्वारी ही पिके होतात. मोहफुले व इतर वनोपजही विकली जातात. तेलुगू, मराठी आणि गोंडी या भाषा येथे बोलल्या जातात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत सोयरिकी आहेत व बाजारहाटाचे व्यवहार चालतात.