रुसलेली तूर

आमच्या घरी 'वांझ' हा शब्द कुणी उच्चारत नसे. तुरीच्या रोगाचं गावभर चालणारं नाव तेच, पण आजी म्हणायची, 'तूर रुसली.' झाड हिरवंगार, झुडपासारखं वाढलेलं, पानं बारीक आणि फिकट ठिपक्यांची. दिवाळी उलटली तरी फूल नाही. आजीच्या धाकट्या जावेला मूल नव्हतं. 'तुरीला तसं म्हणू नै, लेकरा. ऐकणाऱ्याला लागतं,' एवढंच ती सांगे.

आजोबांच्या गोष्टीत मर असायची, तुरीचा दुसरा रोग. त्यांच्या लहानपणी आमचं उदगीर निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होतं. १९५६ ला ते उस्मानाबादेत गेलं, १९८२ ला लातुरात आलं. या साऱ्या काळात मर वावरातून हलली नाही. फुलावर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळायचं. खोड चिरलं की आत काळी रेघ. आजोबा ज्वारीत तुरीचे तास टाकत आणि मर लागलेल्या वावरात दोन-तीन वर्षं नुसती तूर घेत नसत. त्यांचं बरोबर होतं, हे मला फार उशिरा कळलं: ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं जगते आणि ज्वारीच्या सोबतीनं मर कमी होते.

१९७२ च्या मे महिन्यात, दुष्काळाच्या तोंडावर, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ उभं राहिलं. त्याचं तुरीचं काम जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रात चाले. तिथली रीत ऐकून आजोबा थक्क झाले होते. ज्या रोगाला आम्ही भ्यायचो, तो ही माणसं मुद्दाम वावरात जपत. मरीनं भरलेल्या जमिनीत शेकडो वाण पेरायचे आणि जगेल ते उचलायचं. रुसण्याचा रोग डोळ्यांना न दिसणारी कोळी नावाची कीड पसरवते; म्हणून रोगट पान निरोगी रोपाच्या पानाला स्टेपलरनं टाचायचं आणि रोप रुसतं का ते बघायचं. अशा परीक्षांतून बीएसएमआर ७३६ हा वाण आला: लाल दाण्याचा, दोन्ही रोगांना दाद न देणारा. नव्वदच्या दशकात तो आमच्याकडे पोचला. गावात त्याला नुसतं 'सातशे छत्तीस' म्हणत.

विद्यापीठातल्या संशोधनातून उद्योग कसे उभे राहतात, याची आता खूप चर्चा असते. इन्क्युबेशन सेंटर, पेटंट, स्टार्टअप हे शब्द नांदेड-लातूरच्या मुलांच्याही तोंडी आहेत. ती मुलं काही उभं करोत, मला मनापासून आनंद आहे. पण त्या चर्चेत सातशे छत्तीसचं नाव निघत नाही, याचं वाईट वाटतं. तूर बहुतेक आपल्याच घरच्या बियाण्यावर चालते. एकदा आणलेलं बी काही वर्षं पुरतं. २००१ च्या कायद्यानंही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला. मग विद्यापीठाच्या खात्यावर पैसा कुठून दिसणार? तो उदगीरच्या मोंढ्यात दिसतो, डाळमिलच्या पट्ट्याच्या आवाजात, चुनी न्यायला आलेल्या गवळ्याच्या सायकलवर. आजी तूर भिजवून, काव लावून, वाळवून जात्यावर भरडायची. तेच काम मिलनं हाती घेतलं, त्यावर हमाल, आडते, ट्रकवाले जगले. वावरात शेंगच धरली नसती तर मिलनं काय भरडलं असतं?

उलटं उदाहरण शेजारच्या नांदेडचं. याच विद्यापीठानं १९८४ ला नांदेड-४४ हा संकरित कापूस दिला. संकरिताचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, म्हणून त्याचा मोठा व्यापार झाला. २००२ ला बीटी कापूस आला आणि बीटी जनुक नसलेला हा वाण दुकानांतून दिसेनासा झाला. पुढे महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाशी करार करून, त्यात ते जनुक घालून तो परत आणावा लागला. व्यापारावर उभं राहिलेलं बियाणं व्यापारच आडवं करतो, हे तेव्हा दिसलं. माझा कल म्हणून अजून तुरीकडे आहे.

सातशे छत्तीस पहिल्यांदा पेरलं, ती सकाळ आजी पुन्हा पुन्हा सांगे. तिफण जुंपलेली, बी ओटीत घेतलेलं. पहिली मूठ धरायला लेकुरवाळी बाई लागते, म्हणून सगळे आजीकडे बघत होते. तिनं बी जावेच्या ओटीत ओतलं आणि तिचा हात धरून चाड्यावर ठेवला.