गोंडांची जीवकल्पना



नागपूर शहराच्या स्थापनेची गोष्ट निघाली म्हणजे देवगडच्या बख्त बुलंदाचें नांव आपण अभिमानानें घेतों. परंतु ज्या गोंड समाजांत तो राजा जन्मला, तो समाज मृत्यूविषयीं व मृतांविषयीं काय मानतो, हें विचारण्याची तसदी आपण नागपूरकर सहसा घेत नाहीं. ‘भुताखेतांचा बाजार’ एवढें म्हटलें कीं आपला विषय संपला! वस्तुतः तेथें एक चांगला सुसंगत विचार आहे.

आदिलाबादकडील राजगोंडांत, ज्यांचे सगेसोयरे आपल्या चांद्याकडेहि आहेत, हायमेनडॉर्फ नांवाच्या पंडितानें 1940 नंतरचीं कांहीं वर्षें काढलीं. त्याला आढळलें कीं हे लोक माणसांत दोन निरनिराळीं तत्त्वें मानतात. एक ‘जीव’. तो भगवान देतो, मरणानंतर तो भगवानाकडेच परत जातो व पुढें दुसऱ्या एखाद्या अर्भकांत घातला जातो. दुसरें तत्त्व ‘सनाल’. भामरागडकडील माडिया त्यालाच ‘हनाल’ म्हणतात. सनाल म्हणजे तो गेलेला माणूसच, त्याच्या नांवासह व नात्यागोत्यासह. जीव कोणाचाहि नसतो. सनाल मात्र आपला आजा असतो, आपली आजी असते. ही विभागणी मला तरी फार मार्मिक वाटते. आपल्याकडे अमर आत्मा आणि श्राद्धाच्या दिवशीं जेवावयास येणारे पितर यांची सांगड घालतांना शास्त्रीबुवांची केवढी ओढाताण होते!

पण सनाल आपोआप पितरांत जात नाहीं. त्याला जिवंतांनीं पोंचवावें लागतें. त्यासाठीं कुळाचे लोक जमतात आणि परधान किंगरीवर कुळाची कथा गातो. मग सनाल पूर्वजांत आणि कुळदेव जो ‘पेर्सा पेन’ त्याच्या सान्निध्यांत जातो. हा विधि राहिला तर सनाल अस्वस्थ राहतो, व घरांत दुखणें आलें कीं संशय प्रथम तिकडे जातो.

रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं 1916 सालीं छापलेल्या ग्रंथांत आणखी एक चाल नोंदलेली आहे. नातलग नदीवर जातात, मृताला नांवानें हांक मारतात, पाण्यांत उतरून एखादा मासा किंवा किडा धरतात आणि तो घरीं आणून पूर्वजांच्या जागीं ठेवतात. गेलेला माणूस अशा रीतीनें घरीं आला! मेळघाटांतील कोरकूंची भाषा अगदीं निराळ्या कुळांतली. पण तेहि ‘सिडोली’ करून मृताच्या नांवानें कोरीव लाकडी खांब उभारतात, तेव्हांच त्याला पितरांत स्थान मिळतें. दूर लाओस-व्हिएतनामच्या डोंगरांत राहणारे ह्मोंग लोक तर जिवंत माणसाच्याहि आत्म्याला हांक मारतात. भय किंवा आजार यांमुळें आत्मा वाट चुकतो असें मानून ते दारांत उभे राहून त्याला घरीं बोलावतात, आणि तो पुन्हा जाऊं नये म्हणून मनगटाला दोरा बांधतात. 1975 नंतर ह्यांतले हजारों लोक निर्वासित होऊन अमेरिकेंत गेले. ही हांक तेथेंहि गेली.

गोंडांचीं हीं गीतें कागदावर उतरविणारा पहिला मोठा संग्राहक आपल्या नागपुरांतलाच. पाद्री स्टीफन हिस्लॉप 1845 सालीं येथें आला. त्यानें एका परधानाकडून लिंगोची दीर्घ कथा गोंडींत लिहून घेतली. 1863 च्या सप्टेंबरांत तो टाकळघाटाजवळचीं प्राचीन शिलावर्तुळें, म्हणजे कोणा विस्मृत लोकांचीं थडगीं, पाहून परतत असतां बोरीजवळ नदीच्या पुरांत बुडाला. त्याचे कागद मागें राहिले म्हणून रिचर्ड टेंपलला ते 1866 सालीं छापतां आले. नाहींतर ती कथा त्या रूपांत आपल्याला मिळालीच नसती.

पण छापलेली कथा सनालाला पोंचवीत नाहीं. त्याला गाणारा परधान लागतो आणि ऐकणाऱ्यांना गोंडी समजावी लागते. 2011 च्या खानेसुमारींत देशांतील गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक भरली, आणि गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारें 30 लाख निघाले. उरलेल्यांच्या घरीं आजा गेला, तर नदीच्या कांठीं उभें राहून त्याला कोणत्या भाषेंत हांक मारावी? सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहेपाशीं माघी पौर्णिमेला दूरदूरचे गोंड जमतात. तेथें जमलेल्या वृद्धांपुढें आतां हा प्रश्न आहे.