दहा वर्षांच्या मुलाने काय शिकावे?

ओटावातल्या मराठी घरांत वर्षातून तीनदा एक कागद येतो आणि त्या संध्याकाळी घराचे हवामान ठरवून जातो. नोव्हेंबरात प्रगतीचा पहिला अंदाज, फेब्रुवारीच्या सुमारास पहिल्या सत्राचे रिपोर्ट कार्ड आणि जूनमध्ये दुसऱ्या सत्राचे. मूल चौथी ते सहावीत असले की या कागदावर विषयांची रांगच लागते : भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक अभ्यास, फ्रेंच, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, शिवाय संगीत, नाट्य, नृत्य आणि चित्रकला. आपली नजर सवयीने आधी गणिताकडे जाते. ते ठीक असले की मग बाकीचे वाचायचे!

पण ही यादी आली कोठून? दहा-अकरा वर्षांच्या मुलाने एवढेच आणि हेच शिकावे, हे कोणी ठरवले? आणि ते कोणत्या भाषेत शिकावे, हे कोणी ठरवले? या प्रश्नांचा इतिहास महाराष्ट्रातही आहे आणि आपण राहतो त्या या गावातही आहे. गंमत म्हणजे दोन्हीकडची गोष्ट बरीच सारखी आहे.

आपल्याकडची सुरुवात पंतोजींच्या शाळेपासून करू. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाहीत, घंटाही नाही. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मोडी वाचायला आणि लिहायला शिकायचे, आणि पाढे. नुसते बे एके बे नव्हे, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. दुकानदाराचा आणि कुलकर्ण्याचा हिशोब तोंडी करता आला की शिक्षण पुरे. इतिहास, भूगोल, विज्ञान हे विषय त्या शाळेत नव्हतेच.

इंग्रजी अंमल आला आणि छापील पुस्तकांबरोबर 'विषय' आले. बाळशास्त्री जांभेकरांनी शाळांसाठी पुस्तके लिहिली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. मेजर थॉमस कँडी यांनी मराठी पाठ्यपुस्तकांचे काम केले. आपण आज वापरतो त्या स्वल्पविराम-अर्धविरामांना मराठीत रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. याच काळात मुंबईत एक मोठा वाद झाला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल वरचे शिक्षण इंग्रजीतून देण्याकडे होता. बोर्डाचे सदस्य जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, यांनी त्याला विरोध केला. नानांचा इंग्रजीला विरोध नव्हता. त्यांचे म्हणणे असे की सर्वसामान्य लोकांपर्यंत ज्ञान पोहोचवायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल. म्हणजे प्रश्न 'मराठी हा विषय शिकवावा का' हा नव्हता. भूगोल आणि विज्ञान मराठीतून शिकवावे का, हा होता. हा फरक कृपया ध्यानात ठेवा, पुढे ओटावात तो पुन्हा भेटणार आहे.

त्याच दशकात इकडे ऑन्टारिओत (तेव्हाचे नाव कॅनडा वेस्ट) एगर्टन रायर्सन हे शिक्षणखात्याचे प्रमुख झाले. साल १८४४. त्यांनी युरोप-अमेरिकेतल्या शाळा पाहून एक अहवाल लिहिला आणि १८४६ मध्ये नवा शाळा कायदा झाला. त्या अहवालातल्या विषयांची यादी आजच्या रिपोर्ट कार्डालाही लाजवेल : वाचन, लेखन, गणित, व्याकरण, भूगोल, इतिहास, रेखाचित्र, गायन, निसर्गविज्ञान, शेती, शरीरशास्त्र, अगदी राज्यकारभाराची ओळखसुद्धा. कागदावर एवढे विषय होते, प्रत्यक्षात एकाच खोलीत सर्व वयांची मुले बसत आणि त्यांच्या हातात आयर्लंडहून घेतलेली वाचनमाला असे. १८७१ च्या कायद्याने ऑन्टारिओत सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांनी वर्षातून निदान चार महिने शाळेत गेलेच पाहिजे असे ठरले.

यानंतर अकराच वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. वयाची मर्यादा तीच! विषयांची यादीही त्यांनी दिली : मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची प्राथमिक माहिती, शेतीचे ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. खेड्यातल्या शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे असेही त्यांनी सुचवले. सरकारने त्यांचे ऐकले नाही. सक्तीच्या शिक्षणासाठी बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या १९०६ च्या कायद्याची आणि कोल्हापुरात शाहू महाराजांच्या १९१७ च्या निर्णयाची वाट पाहावी लागली. मधे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात असेच विधेयक आणले होते, ते मंजूर झाले नाही.

शाळेला शेत जोडण्याची कल्पना मात्र आपल्या ओटावाच्या परिसरात प्रत्यक्षात आली. १९०४ च्या सुमारास सर विल्यम मॅकडोनाल्ड यांच्या देणगीतून आणि जेम्स रॉबर्टसन यांच्या पुढाकाराने कार्लटन काउंटीतल्या काही गावशाळांत शाळाबागा सुरू झाल्या. कार्प, रिचमंड, नॉर्थ गोवर ही नावे आपल्या ओळखीची आहेत. मुले वाफे आखायची, म्हणजे भूमिती. उत्पन्नाची नोंद ठेवायची, म्हणजे गणित. आणि जे उगवले त्याचे वर्णन लिहायचे, म्हणजे भाषा. आज 'विषयांची सांगड' म्हणून शिक्षक जे करतात, ते या परिसरात शंभर वर्षांपूर्वी मातीत हात घालून चालले होते. अशीच एक बाग बोजव्हिल नावाच्या गावातही होती. ते गाव आता नाही. आपले आईवडील भारतातून येतात तेव्हा आपण त्यांना आणायला ज्या विमानतळावर जातो, तो त्याच्या जागेवर पसरला आहे.

आता या गोष्टीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. जून १९१२ मध्ये ऑन्टारिओ सरकारने 'रेग्युलेशन १७' नावाचा नियम काढला. फ्रेंच भाषिक मुलांना फ्रेंचमधून शिकवायचे ते फक्त पहिली दोन वर्षे. त्यानंतर सगळे विषय इंग्रजीतून. पुढच्या वर्षी त्यात थोडी सवलत दिली : दिवसातून एक तास फ्रेंच हा विषय शिकवायला हरकत नाही. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने घरी आईशी फ्रेंच बोलायचे, आणि शाळेत अपूर्णांक, नद्या आणि राजे इंग्रजीतून शिकायचे.

बायवर्ड मार्केटजवळच्या मरे स्ट्रीटवर गीग शाळा होती. तिथे दियान आणि बेआत्रिस देलोज या दोघी तरुण बहिणी शिक्षिका होत्या. त्यांनी नियम मानायला नकार दिला. सरकारने १९१५ मध्ये फ्रेंच कॅथलिकांच्या हातातला शाळा मंडळाचा कारभार काढून घेऊन स्वतःची समिती नेमली आणि या बहिणींना शाळेबाहेर केले. त्यांनी शाळेबाहेर मिळेल त्या जागी वर्ग भरवले आणि मुले त्यांच्या मागोमाग गेली. जानेवारी १९१६ मध्ये, म्हणजे आपल्याला चांगल्या परिचयाच्या थंडीत, मुलांच्या आयांनी त्या दोघींना परत शाळेत नेऊन बसवले आणि दाराशी पहारा सुरू केला. पोलीस आले तेव्हा या बायकांच्या हातात होत्या कात्र्या, लाटणी आणि हॅटला लावायच्या लांब पिना. इतिहासात ही 'हॅटपिनांची लढाई' म्हणून नोंदली गेली आहे. लाटणे घेऊन उभी राहिलेली आई आपल्याला काही परकी वाटू नये! त्याच हिवाळ्यात ओटावातली हजारो फ्रेंच भाषिक मुले शाळा बंद ठेवून रस्त्यावर उतरली.

निकाल एका दिवसात लागला नाही. १९१६ च्या अखेरीस लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सरकारची समिती बेकायदा ठरवली, पण नियम वैध ठरवला. प्रत्यक्षात तो १९२७ मध्ये मागे पडला आणि कायद्याच्या पुस्तकातून १९४४ मध्ये गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ऑन्टारिओच्या प्रीमियर कॅथलीन विन यांनी विधानसभेत त्याबद्दल माफी मागितली. गीग शाळेच्या इमारतीत आता शाळा भरत नाही, तिथे लोक राहतात. आणि ऑर्लियन्समध्ये बेआत्रिस देलोज यांच्या नावाचे फ्रेंच हायस्कूल आहे.

मात्र याच देशात ज्या मुलांच्या आयांना दाराशी उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांना विसरून चालणार नाही. आदिवासी मुलांच्या निवासी शाळांचा कारभार ओटावातल्या सरकारी कचेरीतून चाले. मुलांना घरापासून तोडून नेत, त्यांची भाषा बोलायला बंदी असे आणि कित्येक शाळांत अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस काम अशी रीत होती. सरकारी डॉक्टर पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्येच तिथल्या क्षयरोगाबद्दल आणि मृत्यूंबद्दल अहवाल दिला. तो दुर्लक्षिला गेला. ब्राइस यांची समाधी आपल्याच बीचवुड स्मशानभूमीत आहे. आणि रायर्सन यांनीही १८४७ मध्ये अशा शाळांच्या बाजूने लिहिले होते, म्हणून टोरांटोच्या त्यांच्या नावाच्या विद्यापीठाचे नाव २०२२ मध्ये बदलले. आज आपली मुले ३० सप्टेंबरला नारिंगी शर्ट घालून शाळेत जातात त्यामागे हे आहे.

आपल्या पिढीच्या दप्तरात काय होते, ते बहुतेकांना आठवत असेल. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि आणे-पैंचा हिशोब गणिताच्या पुस्तकातून उठला. त्याबरोबर पावकी-दिडकीही हळूहळू गेली. इकडे कॅनडाने १९७५ मध्ये हवामान सेल्सियसमध्ये आणि १९७७ मध्ये रस्त्यांवरच्या पाट्या किलोमीटरमध्ये आणल्या, तेव्हा इथल्या शिक्षकांवरही तीच पाळी आली. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, तेच आपले 'बालभारती'. चौथीला 'शिवछत्रपती', पाचवीला इंग्रजीची एबीसीडी, चौथी आणि सातवीला स्कॉलरशिप, सहामाहीनंतर दिवाळी. इंग्रजी पहिलीपासून आले ते २००० मध्ये. पण तोवर आपण प्रकाशसंश्लेषण, लघुत्तम साधारण विभाज्य आणि ग्रामपंचायत हे सगळे मराठीतून शिकून बसलो होतो. म्हणून आपली मराठी टिकली. ती केवळ मराठीच्या तासाला शिकलेली नव्हती.

आता आपल्या मुलांचे दप्तर पाहू. चौथीत प्राचीन समाज, अधिवास, प्रकाश आणि ध्वनी, खडक आणि खनिजे. पाचवीत १७१३ पूर्वीचे आदिवासी आणि युरोपीय लोकांचे संबंध, सरकारची कामे, मानवी शरीराच्या संस्था. सहावीत जैवविविधता, वीज, उड्डाण, अवकाश आणि कॅनडात येऊन वसलेल्या समाजांचा इतिहास, ज्यात आपणही आलो. गणितात २०२० पासून कोडिंग आणि पैशाचे व्यवहार आले, आणि २०२३ पासून जोडून लिहायचे इंग्रजी अक्षर परत आले. यादी चांगली आहे. आणि फ्रेंच? आज ओटावातले इंग्रजी भाषिक पालकही हौसेने मुलांना फ्रेंच इमर्शनला घालतात. १९६५ मध्ये क्वेबेकच्या सेंट लँबर्ट गावातल्या इंग्रजी पालकांच्या आग्रहातून सुरू झालेल्या या पद्धतीचे मर्म एकच आहे : भाषा नुसती शिकवायची नाही, त्या भाषेतून इतर विषय शिकवायचे.

इथेच आपल्या शनिवारच्या मराठी वर्गांचा प्रश्न येतो. ऑन्टारिओने १९७७ मध्ये वारसा भाषांची योजना सुरू केली. आठवड्याला अडीच तासांपर्यंत वर्ग भरवण्याची सोय तिच्यात झाली. तिचेच पुढचे रूप आज आंतरराष्ट्रीय भाषांच्या वर्गांत दिसते. जरा हिशोब करा. १९१३ च्या नियमाने दिलेला रोजचा एक तास म्हणजे आठवड्याचे पाच तास. ते अपुरे म्हणून त्या आया थंडीत उभ्या राहिल्या. आपल्या मुलांना मराठी मिळते ती फार तर त्याच्या निम्मी. या निम्म्या वेळात नुसती बाराखडी, गणपतीची आरती आणि रंगांची नावे घेत बसलो, तर मुलाला मराठी ही आजीची आणि सणाची भाषा वाटेल. विचार करायची भाषा वाटणार नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. शाळेत या सत्रात जे चालले आहे, तेच मराठी वर्गात आणि जेवणाच्या टेबलावर मराठीतून बोलावे. अपूर्णांक चालू असतील तर पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घ्या. इंग्रजीत यांतल्या सव्वा-अडीचला एक शब्दच नाही, हे मुलांना फार आवडते. खडक चालू असतील तर सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे हे सांगा. सरकारची कामे चालू असतील तर ग्रामपंचायत सांगा. सहावीत 'समाज' चालू असेल तर मुलाला आजी-आजोबांची फोनवर मुलाखत घेऊ द्या, मराठीत. आईबाबांपैकी एकाने तरी विज्ञान मराठीतून शिकलेले असतेच. शब्द अडला तर दोघे मिळून शोधता येतो.

यासाठी आपल्याला कात्री घेऊन दाराशी उभे राहावे लागत नाही. या शहरात ते काम इतरांनी आधीच करून ठेवले आहे. पुढचे रिपोर्ट कार्ड येईल तेव्हा गणिताचा रकाना जरूर पाहा, पण त्याआधी मुलाला विचारा, "या सत्रात काय शिकलास, ते मराठीत सांग बरं."